ललिताच्या खानावळीचं मतदान

शुक्रवारी सकाळी साडेदहाला सणसवाडीतल्या ललिता भालेरावच्या खानावळीची सगळी चांगली मतं ‘चवपारख डॉट कॉम’वरून नाहीशी झाली. वाईट मत एकच होतं. ते राहिलं.

ते पुण्याच्या कुणा रोहननं दिलेलं होतं. पाचपैकी एक तारा आणि खाली इंग्रजीत एक ओळ, की सांबार थंड होतं. ललिताच्या खानावळीत चूल पेटली तेव्हापासून सांबार झालेलं नव्हतं. पिठलं, भाकरी, डाळ, शेंगदाण्याची आमटी आणि रविवारी अंडाकरी, एवढ्यावर तिचा प्रपंच चालला होता. सांबार तिनं आयुष्यात एकदाच खाल्लं होतं, दीर पुण्याला दवाखान्यात होता तेव्हा समोरच्या हॉटेलात. ते गरम होतं.

साल २००९. त्याआधी ललिताला तारे आकाशात असतात एवढंच ठाऊक होतं. रस्त्यापलीकडच्या गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्याचे कामगार दुपारी भोंगा झाला की फाटकातून निघत आणि सरळ तिच्या बाकांवर येऊन बसत. निम्मे बिहारचे, निम्मे मराठवाड्यातले. ताट पुढं आलं की सगळे सारखेच गप्प होत. पण कारखान्यात नवं व्यवस्थापन आलं आणि त्याला शिस्त सुचली. पुढच्या महिन्यापासून पाळी संपेपर्यंत कुणी फाटकाबाहेर पडायचं नाही, जेवण आत मिळेल, आणि ते द्यायला एक ठेकेदार नेमला जाईल. ठेका मिळाला तर खानावळ राहणार, नाही तर तिला बाकं विकावी लागणार, हे ललिताला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

ही बातमी तिला दिली ती कारखान्याचे प्रशासन अधिकारी इंद्रजीत निंबाळकर यांनी, तिच्याच बाकावर, तिचंच पिठलं खाताना.

“ताई, अर्ज कराच तुम्ही. फक्त अट एक आहे. इंटरनेटवर कमीत कमी चार तारे पाहिजेत.”

“साहेब, दीड वर्ष झालं तुम्ही रोज हितं जेवताय. तुम्हीच सांगा की वर, जेवण कसं हाय ते.”

“ते माझं वैयक्तिक मत झालं. कंपनी वैयक्तिक मतावर चालत नाही. तिथं अनोळखी माणसाचं मत लागतं, म्हणजे पक्षपात होत नाही. ठेचा द्या जरा.”

ठेचा वाढता वाढता तिनं विचारलं, “मग अजून कोणाचा अर्ज हाय?”

“दौंड तालुक्यातले एक आहेत. राजभोग केटरर्स. साडेचार तारे.” निंबाळकरांनी हे अशा आदरानं सांगितलं, की समोरच्या बिहारी पोरांनीही घास थांबवला.

संध्याकाळी पोपटराव आले. खानावळीचा गाळा त्यांचा. गावच्या विकास सोसायटीवर ते तीन वेळा निवडून आले होते आणि चौथ्यांदा येणार होते. मतांचा प्रश्न आहे हे कळल्यावर त्यांचा चेहरा खुलला.

“एवढंच व्हय? मला वाटलं काय अवघड हाय.”

“आप्पा, हे इंटरनेटवरचं हाय. कुणी आपल्या मनानं लिहायचं असतंय.”

“मनानं कवा कुणी मत दिलंय का, ललिता? मतदार घरातनं काढावा लागतो, गाडीत घालावा लागतो, खाऊ घालावा लागतो. मग त्याला मन होतंय.”

गुरुवारी कारखान्यांना वीज बंद, म्हणून सुट्टी. पोपटरावांनी मतदानाचा दिवस गुरुवारच धरला. सकाळी त्यांचा टेम्पो कामगारांच्या खोल्यांपुढं उभा राहिला आणि भरभरून शिक्रापूरला जाऊ लागला. तिथं सम्राट रणपिसेचा सायबर कॅफे होता. सम्राट ललिताच्या आत्याचा मुलगा, संगणकाचा डिप्लोमा झालेला. कॅफेत चार संगणक होते, त्यांतल्या तिघांना व्हायरस झाला होता. म्हणून केंद्र एकच ठेवलं.

मत द्यायचं तर ई-मेल पाहिजे, आणि तो कुणाकडंच नव्हता. सम्राटनं प्रत्येकाला तिथल्या तिथं काढून दिला. नावात घोळ नको म्हणून सगळ्यांचं नाव सणसवाडीच ठेवलं आणि पुढं अनुक्रमांक घातला, मतदार यादीत असतो तसा. पोपटरावांना ही पद्धत फार आवडली. त्यांनी दारात एक माणूस बसवला, आत जाणाऱ्यावर खूण करायला. बोटाला शाई तेवढी लावली नाही.

रामाश्रय नावाच्या वेल्डरनं सांगितलं, “लिखिए, भाभी के हाथ की रोटी मोटी है, मगर पेट भर जाता है. दाल महीने के आखिर में पतली हो जाती है.”

“दालीचं काढ,” पोपटराव सम्राटला म्हणाले. “विरोधी मत कशाला?”

“आप्पा, राहू द्या की,” ललिता म्हणाली. “खरंच पातळ होतीय.”

“निवडणुकीत खरं बोलायला लागलीस तर डिपॉझिट जाईल.”

सम्राटनं डाळ काढली. मग रोटी जाड आहे हेही काढलं. दुपारनंतर तो विचारायचाही बंद झाला. ‘जेवण उत्तम, चव घरच्यासारखी’ हे वाक्य त्यानं एकदा नीट लिहून घेतलं आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या नावावर तेच चढवलं. परतीला टेम्पोत सगळ्यांना भेळ मिळाली. रात्री खानावळीला पाचपैकी पावणेपाच तारे होते. पाव तारा रोहनच्या सांबारानं खाल्ला होता. पोपटरावांनी गुलाल मागवायचं तेवढं बाकी ठेवलं.

सकाळी साडेदहाला मतं गेली.

ललितानं सम्राटच्या कॅफेतून ‘चवपारख’च्या पुण्याच्या कार्यालयात फोन लावला. पलीकडची मुलगी गोड बोलत होती.

“मॅडम, आमच्या सिस्टीमला ती मतं बनावट वाटली. एकाच संगणकावरून, एकाच दिवशी, एकच वाक्य. आणि एकाचीही तक्रार नाही. खऱ्या गिऱ्हाइकाची काहीतरी तक्रार असतेच ना?”

“होती. डाळीची होती.”

“ती दिसली नाही आम्हाला.”

ललितानं सम्राटकडं पाहिलं. सम्राट माउसची तार सरळ करू लागला.

“अहो, माणसं खरी हायत. रोज जेवत्यात माझ्याकडं. या की बघायला, सणसवाडी काय लांब हाय?”

“आम्ही प्रत्यक्ष जात नाही, मॅडम. आम्ही निष्पक्ष आहोत.”

“मग त्या सांबारवाल्याचं कसं ठेवलं? मी सांबार करतच न्हाई.”

“त्यांनी तक्रार केलीये ना, म्हणून ते खरे.” मग ती म्हणाली, “तुम्ही पैसे भरून गोल्ड मेंबर झालात तर बरं पडेल.”

“मग मतं परत येतील?”

“येतीलच असं नाही. पण सिस्टीम तुमच्याकडं विश्वासानं बघायला लागते.”

ललितानं फोन ठेवला. गिऱ्हाईक जेवून उठताना ताटात काय टाकतं, यावरून जेवण कसं झालं ते तिला कळत असे. ही ताट न बघता निवाडा करणारी माणसं तिच्या हिशेबात बसत नव्हती. ती सम्राटला म्हणाली, “गाडी काढ. साडेचार तारे कसे असत्यात ते बघून येऊ.”

न्हावऱ्यावरून ते दोघं दौंडच्या बाजूला उतरले. चौफुल्याच्या अलीकडं राजभोग केटरर्सची पाटी लांबूनच दिसली. पाटी झकास होती. पाटीमागं विटा होत्या, सिमेंटची पोती होती आणि एक कुत्रं झोपलं होतं. भिंती कमरेपर्यंत आल्या होत्या. राखणीला भागुबाई नावाची म्हातारी होती.

“मावशी, हितं जेवण मिळतंय का?” ललितानं विचारलं.

“न्हाई गं बाई. मालक म्हणत्यात दिवाळीला चालू करू. मी माझी भाकरी घरनं आणती.” मग तिनं ललिताच्या तोंडाकडं पाहिलं. “भूक लागली व्हय? अर्धी खा.”

ललितानं चतकोर खाल्ली. सम्राटनं भिंतींचा मोबाईलवर फोटो काढला. फोटो धूसर आला, पण विटा ओळखू येत होत्या.

शनिवारी निंबाळकर जेवायला आले तेव्हा तिनं सम्राटनं कागदावर छापून दिलेला तो फोटो त्यांच्या ताटाशेजारी ठेवला. त्यांनी आधी आमटी संपवली, मग फोटो पाहिला.

“साहेब, तिथं अजून चूल न्हाई. लोकांनी चव कशाची घेतली?”

निंबाळकर विचारात पडले. “ताई, तुमचं म्हणणं मला पटतंय. पण हे तुमचं प्रत्यक्ष पाहणं झालं. त्याला पुरावा म्हणता येत नाही. उलट बघा, त्यांचं जेवण अजून कुणी खाल्लेलंच नाही, म्हणजे त्यांच्याविरुद्ध तक्रार होण्याची शक्यताच नाही.”

“आन् माझ्याविरुद्ध?”

“सांबार आहे ना.”

बाकावरचा रामाश्रय हसला. ललिता हसली नाही. तिनं फोटो पदरानं पुसून परत घेतला आणि म्हणाली, “कमिटीला एवढं तरी सांगा, की एकदा दोघांचं जेवण समोर ठेवून खावा. मग काय ते ठरवा.”

“सुचवतो,” निंबाळकर म्हणाले. सुचवलं की नाही ते कळायला मार्ग नाही.

सोमवारी ठेका ठरवणारी समिती बसली. राजभोगचा माणूस ताऱ्यांचा रंगीत कागद घेऊन आला होता. ललिताला फाटकाबाहेर थांबायला सांगण्यात आलं. पोपटराव तिच्यासोबत थांबले आणि ‘चवपारख’ची निवडणूक पुन्हा घ्यायला लावता येते का, याची पहारेकऱ्याकडं चौकशी करत राहिले. बैठक लांबली. एक वाजता आतून निरोप आला, की साहेब लोकांना भूक लागली आहे, बारा ताटांचे डबे पाठवा. ललितानं पाठवले. राजभोगच्या माणसासाठीही एक धाडला.

बैठक चारला संपली. निर्णय अजून कळवण्यात आलेला नाही. डबे रिकामे परत आले आहेत.