आरशावरचा बाण

"त्या आरशावाल्याकडं आपल्या गल्लीतल्या कुणाला जाऊ देऊ नका. नुसता अंगारा देऊन गप बसणाऱ्यातला न्हाई तो. गोळ्या बंद करायला लावायलाय लोकांना."

आमच्या गल्लीच्या आशाताई, म्हणजे आशा सेविका पंचफुलाताई, हे मला अंगणवाडीत सांगत होत्या. माझी दहा महिन्यांची मुलगी तेव्हा वजनकाट्याच्या झोळीत लोंबकळत होती आणि काटा मागच्या खेपेपेक्षा दोनशे ग्रॅम कमी दाखवत होता. मला त्या काट्यापलीकडं काही ऐकू येत नव्हतं. शिवाय मनात म्हटलं, आमच्या घरातून कोण जाणार? मी बी.एस्सी. झालेली. नवरा हरिओम झरी गावात ऑनलाइन सेवा केंद्र चालवतो. असले प्रकार दुसऱ्यांच्या घरी होतात. मी हसून म्हणाले, "ताई, आमच्यात कुणाला एवढी सवड आहे?"

तीन आठवड्यांनी मी स्वतः त्या रांगेत उभी होते.

सोमवार होता. परभणी रस्त्यावरच्या मंगल कार्यालयात लग्नाला जमत नाही एवढी माणसं जमली होती. जीपा भरून आलेल्या बाया, काठी टेकत आलेले म्हातारे, पाठीला उशी लावून बसवलेला एक लकवा झालेला गडी. माझी मोठी जाऊ राजेश्री मला सोबत म्हणून घेऊन आली होती. तिची शिवकन्या नऊ वर्षांची. पाचव्या वर्षापासून तिला फिट यायची. परभणीच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्यापासून हळूहळू थांबली. चार वर्षं राजेश्रीनं सकाळ-संध्याकाळची एक गोळी चुकवली नव्हती. पण पोर सुस्तावायची, वर्गात डुलक्या घ्यायची, आणि बाया हौदावर विचारायच्या, "मोठी झाल्यावर हिचं कसं व्हायचं गं?" राजेश्रीला त्या प्रश्नानं पोखरलं होतं. मी तिला अडाणी म्हणणार नाही. ती दमली होती.

दारात एक टेबल. तिथं चप्पल, मोबाइल आणि पिशवी ठेवायची, नंबरचा बिल्ला घ्यायचा. नियम असा की दवाखान्याचे कागद सोबत आणायचे, पण आत न्यायचे नाहीत. कागदाला दुखण्याची सावली असते म्हणे, तिनं आरसा काळवंडतो. आमच्याकडं माणूस कुठल्याही कामाला निघाला की आधारची झेरॉक्स आणि दवाखान्याची फाइल एकाच प्लास्टिकच्या पिशवीत घालून निघतो. तहसीलला जाताना तशीच, बँकेत तशीच. सगळ्यांनी पिशव्या देऊन टाकल्या. मीही राजेश्रीची पिशवी माझ्या हातानं दिली.

आत महाराज बसले होते. पाठीमागं जाड कापडी पडदा. पुढ्यात चौरंग, चौरंगावर पिवळं रेशमी कापड, त्यावर काळा काचेचा आरसा, पाटीएवढा.

"ह्याला वायर हाय का?" त्यांनी आरसा उचलून उलटा-पालटा दाखवला. "न्हाई. सिम हाय का? न्हाई. मंग ह्याच्यातून बोलतंय कोण? अमेरिकेचे लोक आले होते बगा, म्हणाले, महाराज, आमाला खोलून बघू द्या. म्या म्हणलं, बाबांनो, आधी सव्वा महिना कांदा-लसूण सोडा, मंग बोला. गेले परत."

लोक हसले, हात जोडले. शिवकन्येचा बिल्ला एकेचाळीस नंबरचा. तिनं काचेवर तळवा ठेवला, उचलला. काच उजळली. त्यावर तिचं नाव आलं, बापाचं नाव आलं, आणि खाली एका मुलीच्या डोक्याचं चित्र, कानामागं काळा डाग. महाराज आरशाकडं बघत बोलत गेले. पहिला झटका कधी आला तो महिना, दोन्ही गोळ्यांची नावं, सारं बरोबर. राजेश्रीनं कुणालाही काही सांगितलं नव्हतं. खरं लिहिते, माझ्याही अंगावर काटा आला. महाराजांनी तीन वेळा मोरपीस फिरवलं आणि आमच्या डोळ्यांदेखत तो डाग करडा झाला, मग पुसट, मग गेला.

"गेलं दुखणं," महाराज म्हणाले. "आता गोळी दिलीस तर तू त्याला परत आवतन द्यायलीस. कळलं का, माय?"

राजेश्री रडत खाली वाकली. त्याच क्षणी मला ते दिसलं. रांगत्या लेकराच्या आईला कडा बघायची सवय लागते, पलंगाची कड, ओट्याची कड. माझी नजर आरशाच्या कडेवर होती. उजव्या कडेतून एक बारीक पांढरा बाण आत सरकला, चित्रातल्या मुलीच्या कानापाशी थरथरला आणि आला तसा कडेतून निघून गेला.

तो बाण मी रोज बघते. माउसचा बाण.

आमच्या केंद्रात हरिओमनं एक जुना टॅबलेट काउंटरवर गिऱ्हाइकाकडं तोंड करून उभा केलाय. तो कॉम्प्युटरचाच दुसरा पडदा. मधे वायर लागत नाही, वायफायवर चालतं. कॉम्प्युटरला वाटतं आपल्याला आणखी एक पडदा जोडलाय. मग बाण पहिल्या पडद्याच्या कडेला नेला की तो दुसऱ्यावर निघतो. हरिओम आत टाइप करतो आणि समोरचा माणूस टॅबलेटवर आपलं नाव, गट नंबर तपासून घेतो. बोटानं चालणाऱ्या टॅबलेटवर एरवी बाणाचं काम नाही. बाण आला म्हणजे पलीकडं कुणीतरी माउस धरून बसलंय. म्हणजे महाराजांचा आरसाही टॅबलेटच.

परतताना रिक्षात मी राजेश्रीला हे सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "तुमच्या दुकानात मशीन हाय म्हणून तुला सगळीकडं मशीनच दिसायलंय. माझ्या लेकीच्या डोक्यातलं काळं गेलं ते तू बी बघितलंस न्हवं?"

त्या संध्याकाळपासून गोळ्या बंद झाल्या.

आणि फिट आली नाही. एक आठवडा, दोन आठवडे. मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, गोळ्या अशा एकदम तोडणं धोक्याचं आहे, झटका आज येईल, महिन्यानं येईल, आणि आला तर तो थांबेलच असं नाही. मी हे राजेश्रीला सांगितलं. ती म्हणाली, "आला का?" पोर वर्गात आता डुलक्या घेत नव्हती. त्याआधीचे बारा महिने झटका आला नव्हता तो गोळ्यांमुळं, पण श्रेय गेलं आरशाला. मोठे दीर बन्सीधर भावजी, शिवकन्येचे वडील, गंगाखेडच्या बाजूला उसाच्या गाडीवर. त्यांना फोन केला तर म्हणाले, पट्टा पडला, कारखान्याचा हंगाम संपला की येतो, तोवर तिच्या आईच्या मनानं होऊ द्या. मी दुपारी राजेश्रीच्या दारावरून चार-चार चकरा मारायची, पोर ओट्यावर खेळताना दिसली की परत यायची.

शेवटी सिद्धोधन सरांकडं गेले. त्यांनी मला आठवी-नववीला विज्ञान शिकवलेलं. सरांनी सगळं ऐकून एकच विचारलं, "आत बसलेल्या माणसाला बाहेरची माणसं दिसतात का?" मी म्हणाले, महाराजांच्या मागं जाड पडदा आहे, त्याच्याआडून दिसत नसणार. सर म्हणाले, "मग त्याला कागदच वाचू दे."

पुढच्या सोमवारी सरही सोबत आले. मी शेजारच्या तानुबाईंची फाइल त्यांना विचारून घेतली, आमच्या पिशवीत घातली आणि टेबलावर दिली. पोरीला कडेवर घेऊन महाराजांपुढं बसले. काचेवर तळवा ठेवला. आरसा उजळला.

तानुबाई. वय अठ्ठावन्न. पित्ताशयात खडा.

महाराजांनी आरशाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, कडेवरच्या लेकराकडं बघितलं. माझी मुलगी बिल्ला चोखत होती.

"मागच्या जन्मीचं नाव दाखवायलाय आरसा," महाराज म्हणाले. "लाखात एखाद्यालाच दिसतं."

माझ्या मागच्या बाईनं माझ्या पायाला हात लावला. मला रडू यावं की हसू, कळेना. मी सांगत होते की ही फाइल माझी नाही, तानुबाई जिवंत आहेत, आत्ता घरी ज्वारी निवडत बसल्यात. कुणी ऐकेना. एक जण म्हणाला, बाईच्या अंगात शंका शिरली, तिला पुढं घ्या.

तेवढ्यात सरांनी महाराजांच्या पाठीमागचा पडदा बाजूला केला.

तिथं एक माणूस मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला होता. सभोवती आमच्या पिशव्या, बिल्ल्याच्या नंबरानं ओळीत लावलेल्या, फाइली उघड्या. तो दचकला आणि हातातला माउस हलला. चौरंगावरच्या आरशात बाण सैरावैरा पळाला. सर म्हणाले, "हलवा, अजून हलवा." त्यांनीच माउस घेतला. बाण डावीकडं नेला, लॅपटॉपवरून गेला, आरशावर आला. परत आणला, आरशावरून गेला. लॅपटॉपवर डोक्याची चार चित्रं होती, काळा डाग, करडा, पुसट आणि काहीच नाही. सरांनी ती एकामागून एक आरशावर सरकवली. मोरपीस नव्हतं, तरी डाग गेला.

"लेकरांनो," सर म्हणाले, सगळ्यांनाच ते लेकरं म्हणतात, "आरशानं तुमचं शरीर वाचलं नाही. ह्या माणसानं तुमच्या पिशव्या वाचल्या. चित्रातला डाग पुसला की डोक्यातलं दुखणं पुसत नाही."

लोक चिडले, पण बहुतेक जण आपल्या पिशव्या उघडल्या म्हणून. त्या गोंधळात महाराज जीपमध्ये बसून निघून गेले.

इथवर गोष्ट इतर गोष्टींसारखी आहे. लबाडी उघडी पडली. पण मी ज्यासाठी हे केलं ते राहूनच गेलं, आणि ते माझ्यामुळं.

महाराज बऱ्या झालेल्या माणसांना पहिल्या रांगेत हार घालून बसवायचे. त्या दिवशी तिथं राजेश्री आणि शिवकन्या बसल्या होत्या. मला एवढा आनंद झाला होता की मी जाऊन तिचा दंड धरला, सगळ्यांसमोर पुढं ओढलं आणि म्हणाले, "आक्का, बघ, हाच तो बाण." कुणीतरी मागून म्हणालं, "हिची पोरगी तर आरशानंच बरी केली की." लोक हसले. त्या हसण्यात मीही होते. राजेश्रीनं पोरीच्या गळ्यातला हार काढला, घडी केल्यासारखा पदरात गुंडाळला आणि निघाली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या सकाळच्या एसटीनं ती पोरीला घेऊन माहेरी गेली, वालूरला.

तेव्हापासून ती फोन उचलत नाही. मी एकदा जाऊन आले. भावानं दारातूनच सांगितलं, शाळेत गेलीय, ठणठणीत हाय, तुमी येऊ नका. पंचफुलाताईंनी तिथल्या आशाताईंना निरोप दिला. त्या जाऊन आल्या, त्यांना घरच्यांनी गोळ्या चालू आहेत म्हणून सांगितलं. पण वालूरचा औषध दुकानदार हरिओमच्या ओळखीचा आहे. तो म्हणतो, गोळ्यांचं पाकीट न्यायला कुणी आलेलं नाही. भावजींचा पट्टा अजून पडायचाय. सर म्हणतात, वाट बघ. माझी मुलगी आता उभी राहायला शिकली आहे. ती पडली की मी धावते. त्या पोरीसाठी मला धावायलाही जागा उरली नाही.

आरशावर बाण कसा येतो हे समजायला पाच मिनिटं लागतात. फिटच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही थांबवायच्या नसतात, हे समजायला त्याहून कमी. कुणीही, कसलीही काच दाखवून, गोळी सोड म्हणालं तर आधी ती काच कोण चालवतंय ते विचारा. आणि कागद कुणाच्या हातात देताय तेही बघा.

हे वाचणारे कुणी वालूरच्या बाजूचे असाल तर माझं एक काम करा. शिवकन्या, वय नऊ, चौथीत आहे, डाव्या भुवईवर पडल्याची जुनी खूण आहे. तिच्या घरी जा. वाद घालू नका, आरशाचं नावही काढू नका. राजेश्रीजवळ दोन घटका बसा, चहा घ्या, पोरीला जवळ बोलवा, आणि सकाळची गोळी तिनं खरंच घेतली का, एवढं आपल्या डोळ्यांनी बघून या.