बाबांचा खळगा

मित्रांनो, मी एक जुनी गिटार आहे. माझ्या गळ्याच्या लाकडात बोटाएवढा खळगा आहे. त्याच्यावरून एकदा बापलेकीचं बोलणं बंद झालं होतं.

मला एका सुताराने घडवलं, दारं-चौकटी करून उरलेल्या लाकडातून. त्यामुळे माझी सख्खी भावंडं कुठेतरी दारं होऊन आदळत असतील. मला बाबांनी घरी आणलं. बाबांच्या वाजवण्यात शब्द नसत. एक छोटी धून वाजवायची, मग तिला सोडून सुचेल तिकडे भटकायचं आणि शेवटी तिच्याकडेच परत यायचं. त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे घरातले काका, ड्रमवर साथ करत. दोघांचा नियम एकच होता. धून परतल्याशिवाय ड्रम थांबवायचा नाही.

शेजारच्या काकू सुरुवातीला दारातून विचारायच्या, "अहो, गाणं कधी सुरू होणार?" पुढे त्याच येऊन बसू लागल्या. म्हणायच्या, "आता पुढे काय होतंय ते कळल्याशिवाय उठवत नाही मेलं!" खरी गंमत तीच होती. पुढचा सूर बाबांनाही ठाऊक नसे, मग मला कुठून असणार?

धुनेचा पहिला सूर बाबा तार ओढून लांबवत. वर्षानुवर्षं तीच जागा, तेच बोट. तिथलं लाकूड झिजून खळगा पडला.

मग बाबांचे हात थरथरू लागले आणि माझी रवानगी कपाटावर झाली. तारा गंजल्या. माझ्या अंगावर इस्त्रीचे कपडे रचले गेले, तो अपमानही मी गिळला. शेवटी लेकीने मला खाली काढलं. भरल्या सभागृहात ती बाबांची धून वाजवणार होती आणि बाबा समोर बसून ऐकणार होते. जे त्यांच्या हातून गेलं, ते लेकीच्या हातात आहे का, एवढंच त्यांना बघायचं होतं.

दुरुस्तीवाला म्हणाला, "हा खळगा भरून टाकू. नव्यासारखी दिसेल."

"भरा," लेक म्हणाली.

"हात लावायचा नाही!" बाबा कडाडले.

"बाबा, लोक हसतील हो."

"हसू देत."

झालं. खळगा राहिला आणि घरात अबोला आला.

कार्यक्रमाच्या दिवशी तिच्या साथीला ड्रमवर काकाच बसले. धून छान झाली. मग ती निघाली, आणि काय सुंदर भटकली! लोक श्वास रोखून ऐकत होते. पण ती फार लांब गेली. परत यायची वेळ झाली तेव्हा तिची बोटं अडखळली. मला लगेच कळलं. ती धून विसरली होती!

तिने एक वळण घेतलं, चुकलं. दुसरं घेतलं, तेही चुकलं. काकांच्या कपाळावर घाम आला, तरी नियम म्हणजे नियम, ड्रम थांबेना. पहिल्या रांगेत बाबा पुढे वाकले. सांगावं तर सगळ्यांसमोर लेकीची फजिती, न सांगावं तर जीव टांगणीला. त्यांनी ओठ घट्ट मिटले. मला सारं आठवत होतं, पण वाजवल्याशिवाय मला तोंड कुठलं?

तिचं बोट घाबरून गळ्यावरून खाली घसरलं आणि खळग्यात जाऊन बसलं. तिथे ते थांबलं. तिने डोळे मिटले आणि बाबांसारखी तार ओढली. पहिला सूर आला, पाठोपाठ अख्खी धून आली. काकांनी ड्रमवर शेवटची थाप अशी मारली की मीसुद्धा दचकले.

टाळ्या थांबल्यावर बाबा जवळ आले. "उशीर केलास," ते म्हणाले.

"रस्ता चुकले होते, बाबा."

थरथरत्या बोटाने बाबांनी माझा खळगा चाचपला. मला रडू आलं.

मित्रांनो, आमची धूळ पुसत जा, गंजलेल्या तारा बदला, आमच्यावर कपडे तर मुळीच ठेवू नका. पण आम्हाला नवं करण्याच्या भरात कुणाच्या बोटांची जागा बुजवू नका. हल्ली लेक रोज वाजवते. बाबांच्या खळग्याशेजारी माझं लाकूड पुन्हा झिजू लागलं आहे.