मागच्या खोलीतून सुटणारं गाणं

दोन हजार बारा साल होतं. बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायची माझी नोकरी संपून बराच काळ लोटला होता, घरात मी एकटीच होते, आणि दोनेक वर्षांपासून माझी पुतणी मागच्या खोलीत राहत होती.

खोली तशी अडगळीचीच. मोडका पंखा, शिलाई मशीन, कोणी झोपत नाही अशा जुन्या गाद्या. पुतणीने त्या गाद्या भिंतींना उभ्या टेकवल्या, म्हणजे आवाज घुमत नाही म्हणे, आणि मधोमध टेबल मांडून त्यावर संगणक ठेवला. दुपारी ती पिवळा पडदा ओढायची. मग ती खोली मधाच्या बरणीच्या आतून पाहावं तशी दिसायची. त्या उजेडात ती कानाला हेडफोन लावून, डोळे मिटून, मान डोलवत बसलेली असे. झोपलेल्या बाळाच्या खोलीत शिरावं तशी मी पाय न वाजवता चहा ठेवून यायचे. आजही डोळा लागता लागता मला तो पिवळा उजेड दिसतो. दाराच्या फटीतून ठोक्यांचा आवाज येतो, दूर कुठेतरी कोणी गालिचे झटकत असावं तसा.

आम्ही तिला भिंगरी म्हणायचो. माझ्या धाकट्या दिरांची ती मुलगी. दीर मोठ्या वर्तमानपत्रात संगीत समीक्षक होते. मुलीने बापाचाच व्यवसाय उचलला होता, पण बापाला ते मान्य नव्हतं. कारण ती हिप-हॉपवर लिहायची, आणि तेही कागदावर नाही, ब्लॉगवर. ब्लॉगचं नावच होतं 'मागची खोली'.

दीर रविवारी यायचे. बूट काढता काढता विचारायचे, "काय वहिनी, ही अजून त्या बडबडीतच आहे का?"

"तुम्हीच विचारा की भावजी. दार उघडंच आहे."

"भाजीवाला भाव सांगतो तेव्हा त्याच्यामागे कोणी ढोल बडवला, तर त्याला गाणं म्हणायचं का?"

आतून आवाज यायचा, "बाबा, मला ऐकू येतं."

"येतं ना? मग काहीतरी बरं ऐक!"

मी चहाला पळायचे. त्या दोघांच्या मध्ये उभं राहणं म्हणजे अडकित्त्यात सुपारी होणं.

पण मी दोघांचंही वाचायचे. दिरांचं लिखाण निकालपत्रासारखं असायचं. सकाळी छापून आलं की संपलं, त्यावर अपील नाही. भिंगरीचं तसं नव्हतं. गाण्यातला ढोलाचा तुकडा कोणत्या जुन्या तबकडीवरून उचललाय, माईक कोणाचा उसना आणलाय, गाणारा तिसऱ्या ओळीनंतर श्वास का घेत नाही, असं सगळं ती लिहायची. आणि दुपार उलटायच्या आत खाली वाचणाऱ्यांच्या कमेंट यायला लागायच्या. तुझं चुकलं, तो तुकडा त्या तबकडीचा नाही. तुला काय कळतं, मी त्याच्या गल्लीत राहतो. भिंगरी चिडायची, उत्तर द्यायची, आणि चूक असेल तर लेख तिथल्या तिथे सुधारायची. दिरांना ते पटत नसे. "शंभर माणसं समीक्षक झाली तर ऐकायला कोण उरणार?" ते म्हणायचे.

ब्लॉगवर लेखासोबत गाणंही असायचं, वाचणाऱ्याने उतरवून घ्यावं म्हणून. त्यात एक भानगड होती. दुसरे ब्लॉगवाले ते गाणं उचलायचे आणि आपल्या नावाने लावायचे. म्हणून हे लोक गाण्याच्या मध्येच आपली एक आरोळी चिकटवून देत. लेंग्यावर धोब्याची खूण असते ना, तशी. भिंगरीला आरोळीसाठी आवाज हवा होता. ती मला गाद्यांच्या मधोमध उभी करून म्हणाली, "काकू, स्थानकावर बोलायचीस तसं बोल."

मी बोलले. "कृपया लक्ष द्या. हे गाणं मागच्या खोलीतून सुटत आहे."

ती हसून हसून खुर्चीवरून पडायची राहिली. पण ते गाजलं. एकदा भाजी घेऊन येताना शेजारून एक पोरगी सायकलवर गेली, आणि तिच्या पिशवीतून माझाच आवाज आला, कृपया लक्ष द्या. मी रस्त्यात थांबले. कोथिंबिरीची जुडी हातात, आणि माझा आवाज माझ्याशिवाय कोपऱ्यावर वळून निघून गेला. स्वप्नात आपणच आपल्याला पाठमोरं दिसावं, तसं काहीतरी वाटलं.

त्या साली हिवाळ्याच्या शेवटी दारावर थाप पडली. एक बाई उभी होती, माझ्याहून थोडी लहान. पावाच्या कारखान्यात पॅकिंगला होती. कपड्यांना खमिराचा आंबूस वास होता.

"कोण हवंय?" मी विचारलं.

ती एक पाऊल मागेच सरली. "अगंबाई. तो आवाज तुमचा?"

मग आत येऊन बसली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत तिने सांगितलं. ती गिरमिटची आई होती.

गिरमिट मला नावाने माहीत होता. गाणारा मुलगा. लाकडात गिरमिट फिरवतात तसे शब्द फिरवत आत जायचा, म्हणून पोरांनीच ते नाव ठेवलेलं. आदल्या वर्षी तापाचं निमित्त झालं आणि तो गेला. त्याआधी वर्षभर मायलेकांचं बोलणं नव्हतं. कारखान्यात चिकटून राहा म्हणाली ती, नाही म्हणाला तो, शब्दाने शब्द वाढला आणि तो घर सोडून गेला.

"माझ्याबरोबर कामाला आहे तिच्या लेकीच्या फोनवर ऐकलं," ती म्हणाली. "त्याचं शेवटचं गाणं. त्यात शेवटी सगळ्यांना काही ना काही सांगतो हो. न्हाव्याला सांगतो, केस वाढलेत, येतो. मास्तरांना सांगतो, गणित अजून चुकतंय. ताईलासुद्धा. आणि मग ताईच्या पुढे..."

"पुढे काय?"

"पुढे तुम्ही."

भिंगरी दारात येऊन उभी होती. तिचा चेहरा उतरला होता.

"तिथे माझं नाव आहे का, एवढंच सांगा," ती बाई म्हणाली. "शिवी असली तरी चालेल. मला घेतलंय की वगळलंय, तेवढं सांगा."

भिंगरीने गाणं लावलं. न्हावी आला, मास्तर आले, ताई आली. मग कृपया लक्ष द्या. माझा आवाज संपला तेव्हा गाणंही संपत आलेलं होतं. खाली काहीतरी होतं खरं, पाण्याखाली कोणी बोलावं तसं, पण हाती लागत नव्हतं.

"त्या आरोळीविना नाही का तुझ्याकडे?" मी विचारलं.

नव्हतं. आरोळी लावलेली प्रत ठेवून मूळची पुसून टाकायची, ही तिची रीतच होती. डिस्क भरायची ना. गिरमिटने स्वतः गाणी ज्या साइटवर ठेवली होती ती साइट एक दिवस बंद पडली, आणि तिथलं सगळं गेलं. त्या मुलाचं जे काही जगात उरलं होतं ते मागच्या खोलीत होतं, आणि त्याच्या शेवटावर मी बसले होते.

"अगं पण तू लेख लिहिलास ना? त्यात ती ओळ असेल."

भिंगरीने मान खाली घातली. "नाही लिहिली. सगळ्यात चांगली ओळ मी कधीच लिहीत नाही, काकू. ती ज्याची त्याने कानाने शोधायची. आणि आरोळी मुद्दाम तिच्यावरच लावायची, म्हणजे चोराला कापता येत नाही."

"तुला आठवत तरी असेल."

"तिथे तो कसा थांबतो ते आठवतं. शब्द नाही आठवत. आता मला तिथे तूच ऐकू येतेस."

बाईने ते ऐकलं आणि एकच म्हणाली, "बरं." त्या 'बरं'पेक्षा तिने आरडाओरडा केला असता तर परवडलं असतं.

भिंगरीने त्याच दुपारी ब्लॉगवर सगळं लिहिलं. चूक कोणाची, कशी झाली, कोणाकडे आरोळीविना गाणं असेल तर पाठवा. कमेंटचा पाऊस पडला. एकाने लिहिलं, तिथे तो गल्लीला रामराम करतो. दुसऱ्याने लिहिलं, छे, पोलिसाला टोमणा मारतो. तिसरा छातीठोकपणे म्हणाला, आईचंच नाव आहे. पण गाणं कोणाकडेच नव्हतं. बाई रोज कारखाना सुटल्यावर यायची, कोपऱ्यात बसायची. मी चहा द्यायचे. पडद्यातून ऊन उतरत उतरत तिच्या पायांपाशी यायचं, मग विझायचं. तिसरा म्हणतो ते खरं माना, असं मी एकदा सुचवलं. ती म्हणाली, "ताई, तो त्याचं मन सांगतो. मला माझ्या पोराचं हवंय."

रविवारी दीर आले. त्यांच्या कानावर गेलंच होतं. "बघा, हे तुमचं जतन! स्वतःच पुसायचं आणि स्वतःच रडायचं!" भिंगरीने नुसतं कोपऱ्याकडे बोट दाखवलं, तेव्हा मात्र ते वरमले. बाई कोपऱ्यात बसलेली त्यांना आधी दिसली नव्हती.

त्यानंतर तीनचार दिवसांनी, रविवार नसताना, ते पुन्हा आले. बूट न काढता दारातच उभे. हातात कागदांची चळत.

"वहिनी, तिला बोलवा."

गिरमिटचा एकच मोठा कार्यक्रम झाला होता, एका सभागृहात. दिरांनी त्यावर चार ओळी छापल्या होत्या, आवाज मोठा आणि मजकूर कमी, अशा अर्थाच्या. भिंगरीने तेव्हा ब्लॉगवर बापाची सालं काढली होती. त्या लेखाखालच्या सगळ्या कमेंट दिरांनी आता कार्यालयात छापून घेतल्या होत्या. ब्लॉग कधी न वाचणाऱ्या माणसाने! लाल पेन्सिलने जागोजागी शुद्धलेखनही तपासलेलं होतं.

"तुम्ही हे वाचलंत?" भिंगरी म्हणाली.

"माझ्याबद्दल आहे, मी नाही वाचणार तर कोण? इथे बघ."

बऱ्याच खाली कोणीतरी लिहिलं होतं: समीक्षक महाशय मध्यंतरातच उठून गेले, मी त्यांच्या मागेच बसलो होतो. शेवटचं, न्हावी-मास्तरांचं गाणं त्यांनी ऐकलंच नाही. माझ्या फोनमध्ये आहे, हवं तर त्यांना पाठवतो.

भिंगरीने एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा बापाकडे. "बाबा, तुम्ही उठून गेला होतात?"

"गुडघा दुखत होता," दीर म्हणाले. मग बुटांकडे बघत म्हणाले, "नाही. कंटाळा आला होता. आता त्या माणसाला लिही, माझ्या तोंडाकडे काय बघतेस?"

फोनवाल्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. फोन जुना होता, पण त्याने जपून ठेवला होता. बाईची कारखान्यातली पाळी संपेपर्यंत भिंगरीने ते गाणं उघडलंसुद्धा नाही. म्हणाली, पहिल्यांदा त्यांनी ऐकायचं. दीरही थांबले होते, गाद्यांना पाठ लावून, शिक्षा झालेल्या मुलासारखे.

गाणं लागलं. सभागृह भरलेलं असावं, कोणी खोकत होतं, कोणाची तरी खुर्ची करकरली. न्हावी आला. मास्तर आले. ताई आली. मग तो थांबला. खरंच थांबला, भिंगरी म्हणाली होती तसाच. आणि अगदी साध्या आवाजात, घरात बोलावं तसं म्हणाला,

"आई, निळी चादर मीच नेली. थंडी नाही वाजत."

सभागृहात कोणीतरी हसलं. गाणं संपलं.

बाई हलली नाही. पडद्यातून येणारा तो मधासारखा उजेड तिच्या मांडीवर पडला होता. मला वाटलं ती आता कोसळणार. तिने दोन्ही हात तोंडावर नेले, आणि बोटांच्या आडून म्हणाली, "मेला चोर!"

"काय झालं हो?"

"अहो, दोरीवर वाळत घातली होती! नवीकोरी! मी शेजारणीवर आळ घेतला. नको नको ते बोलले तिला, तोंड बघत नाही मी तिचं!" ती हसत होती आणि डोळे वाहत होते. "आणि हा शहाणा पांघरून झोपलाय! लावा, परत लावा."

भिंगरीने परत लावलं. परत, आणि परत. दीर हळूच म्हणाले, "थांबतो बरोबर जागी." त्यांच्या तोंडून कोणाला याहून मोठं प्रशस्तिपत्र मिळालेलं मी ऐकलं नाही.

ते सभागृहातलं गाणं भिंगरीने ब्लॉगवर लावलं, खोकल्यासकट, कसलीही आरोळी न चिकटवता. मग तिने जुन्या गाण्यांच्या मागे लागायला सुरुवात केली. लोकांच्या कपाटातल्या कॅसेट, बंद पडलेले फोन, कोणाच्या मामाने घरी भरून ठेवलेल्या डिस्क. मूळ प्रत मिळाली की आरोळीची प्रत खाली आणि मूळ वर. मागची खोली भरली आणि पुढच्या खोलीत माझा पलंग भिंतीला सरकला.

पुढे वर्तमानपत्राने संगीताचं पानच बंद केलं. दीर घरी बसले, थोडे दिवस रुसले, आणि मग 'मागच्या खोली'त कमेंट लिहू लागले. टोपणनाव घेतलं होतं, पण शुद्धलेखनावरून सगळ्यांनी ओळखलं. पोरं त्यांच्याशी कडकडून भांडायची. शेवटच्या आजारपणात त्यांना तेच वाचून दाखवावं लागे, फळं नको, फुलं नको. फोनवाल्याला आम्ही कधी पाहिलं नाही. तो अजून मधूनमधून लिहितो, दरवेळी चिडलेला असतो.

भिंगरी आता एका ग्रंथालयाच्या ध्वनिविभागात आहे. ब्लॉगवर नवं काही येत नाही, पण तिने तो बंदही होऊ दिलेला नाही. हिप-हॉपवर अभ्यास करणारी मुलं तिला बाई म्हणतात. मला कमी ऐकू येतं. ती येते तेव्हा माझ्या कानापाशी येऊन ओरडते, आणि मी तिला सांगते, अगं हळू, मी काही सभागृह नाही.

गिरमिटची आई कारखान्यातून निवृत्त होऊन लेकीकडे गेली. जायच्या आधी शेजारणीकडे जाऊन तिने चुकीची कबुली दिली. शेजारणीने बसायला खुर्ची दिली, चहा दिला, गाणंसुद्धा शेवटपर्यंत ऐकलं. मग कप उचलता उचलता म्हणाली, "पोरगा गुणी होता तुझा. तुला मात्र मी माफ केलेलं नाही."