मी ‘माय’ खोडली

मी एक जुना खोडरबर आहे, मित्रांनो. जुना म्हणजे किती, तर आता चिंचोक्याएवढा उरलो आहे. एके काळी मी पांढराशुभ्र होतो आणि अंगावर हिरव्या कागदाचा पट्टा मिरवत होतो. भिलाईत जुनवानी भागातल्या एका दुकानातून चंपतभाऊंनी मला आपल्या लेकीसाठी, आम्रपालीसाठी, विकत घेतलं. ते स्टील प्लांटमध्ये कामाला, राहायला प्लांटचंच क्वार्टर. आम्रपाली पाचवीत, शाळा हिंदी. मराठी घरात, तीही जास्त करून मायशी, म्हणजे रुक्माशी.

गणिताच्या वहीत मी खूप राबलो. झिजायचो मी आणि शाबासकी मिळायची तिला. पण माझी तक्रार नव्हती.

मग रुक्मा आजारी पडली. दवाखान्यातला मुक्काम लांबला, तेव्हा आम्रपालीनं ठरवलं, मायसाठी मराठीत कविता लिहायची. आयुष्यातली पहिलीच. तिची सुरुवात अशी होती:

दिवे क्वार्टरमंदी लागले
माय हाक मारते मले।

ओळीच्या शेवटी हिंदीतला उभा दंड, आणि स्वल्पविराम तर औषधालाही नाही. सगळी कविता धापा टाकत पळत होती. पण यमक कसं ठणठणीत जुळलं होतं!

बुद्धविहारात दर रविवारी मराठी शिकवणाऱ्या सिंधुताईंना तिनं वही दाखवली. बाई मायाळू, पण शुद्धलेखनाच्या बाबतीत कुणाचं ऐकायच्या नाहीत.

“बेटा, मराठीत दंड नसतो, टिंब द्यायचं. आणि जिथं श्वास घेतेस तिथं स्वल्पविराम दे,” त्या म्हणाल्या. इथवर ठीक होतं. “पण हे ‘मले’ काय? ‘मला’ लिही. आणि ‘माय’ नको, ‘आई’ लिही.”

“पर ताई, फिर तो यमक टूट जाएगा ना. लागले, मला... जमूनच नाही राहिलं.”

“मग ‘लागला’ कर. एकच दिवा लाव.”

मी कामाला लागलो. क्वार्टरमधले सगळे दिवे पुसून एक ठेवला. ‘मले’ पुसलं. मधल्या दोन ओळी तर अख्ख्याच पुसल्या, त्यांच्या जागी तिनं नव्या लिहिल्या. ‘माय’ चार ठिकाणी होती, चारही ठिकाणची पुसली. खोटं कशाला सांगू, मला त्या दिवशी स्वतःचा अभिमान वाटला. मराठी मंडळाच्या स्पर्धेत कवितेला पहिलं बक्षीस मिळालं. “कागदावर डाग म्हणून नाही,” असं सिंधुताई म्हणाल्या, तेव्हा ते कौतुक माझंच होतं.

दुसऱ्या दिवशी आम्रपालीनं दवाखान्यात कविता वाचली. रुक्मा डोळे मिटून ऐकत होती.

“लय चांगली हाये व पोरी,” ती म्हणाली. “कोनाची आई हाये हे?”

“तूच आहे न, माय.”

“मी? मले वाटलं, पुस्तकातली असन कोनी.”

रुक्मा हसली. आम्रपालीला हसू आलं नाही.

घरी येऊन ती आधीची, ‘माय’ असलेली कविता परत लिहायला बसली. बाकीची आठवली, पण मधल्या दोन ओळी काही केल्या आठवेनात. तिनं कागद उजेडाकडे धरून पेन्सिलीच्या खुणा शोधल्या. मी काम चोख केलं होतं. इतकं चोख काम केल्याची लाज मला तेव्हा पहिल्यांदा वाटली.

“येईन ध्यानात, कावून रडून राहिली?” चंपतभाऊ तिला म्हणाले.

मंगळवारी सकाळी त्या ओळी आठवल्या. तिनं घाईघाईनं त्या लिहिल्या, वही दप्तरात घातली आणि दवाखान्यात जायला ती चपला घालत असतानाच तिथून फोन आला. रुक्मा गेली होती.

सिंधुताई भेटायला आल्या. त्यांनी ती वही वाचली, पण पेन्सिल मागितली नाही. “मोठ्यानं वाच, बेटा,” एवढंच त्या म्हणाल्या. आम्रपालीनं ‘माय’ आणि ‘मले’सकट सगळी कविता वाचली, आणि शेजारच्या बायका पदर तोंडाशी धरून ऐकत राहिल्या. त्यानंतर आम्रपालीनं मला कधी हातात घेतलं नाही. कंपासपेटीच्या तळाशी पडलो आहे, आणि मला ते रास्तच वाटतं.

मित्रांनो, विरामचिन्हं शिका, यमकं जुळवा. चुकलात तर खोडा. माझा जन्मच त्यासाठी आहे. पण मला हातात घेण्याआधी, कविता जिच्यासाठी लिहिली तिला ती एकदा वाचून दाखवा. ती ऐकायला आहे, तोवर दाखवा.