गुंडेरावांचा अर्धा गाल

चिंताकी गावच्या गुंडेरावांच्या पायात रक्ताची गुठळी झाली, तेव्हा सत्यभामाबाईंनी खंडोबाला बोलून टाकलं, की नवरा चालेपर्यंत त्याच्या दाढीला वस्तरा लागणार नाही. हैदराबादच्या डॉक्टरानं नव्या विलायती गोळ्या दिल्या. गुंडेराव चालू लागले आणि बाईंनी त्याच सकाळी न्हावी बोलावला.

अर्ध्या गालाची दाढी झाली आणि वस्तरा जरासा लागला. तुरटी फिरवली, हळद दाबली, चुना लावला, तरी रक्त थांबेना. धोतर लाल झालं आणि न्हावी पांढरा पडला.

"मालकीणबाई, बकरं बी एवढं वाहत न्हाई," तो पुटपुटला.

औरादहून डॉक्टर अच्युतराव आले, त्यांनी गाल दाबून धरला.

"अक्का, ही गोळी रक्त गोठू देत न्हाई. म्हणून पायातली गुठळी वाढली न्हाई, न्हाईतर छातीत जाऊन जीव घेतला असता. पण पाय कुठला न् गाल कुठला, हे गोळीला कळत न्हाई. किती द्यायलाव?"

"एकीनं गुण आला, म्हणून दोन द्यायले."

अच्युतरावांनी बाईंचं बोट धरून गालावर ठेवलं. मग म्हणाले, "मी सांगेपर्यंत एक बी देऊ नका. आता तुम्ही दाबा."

दिवस मावळता रक्त थांबलं, पण बाई बोट काढीनात.

"अगं, दुखायलंय," गुंडेराव म्हणाले.

"दुखू द्या," बाई म्हणाल्या.