झरीचा दिलावर

महादेवीने लिंबाजीला मुद्दाम पहिल्या रांगेत बसवून घेतलं. त्याच्या दोन्ही काठ्या आपल्या खुर्चीला टेकवल्या आणि पदराखालची जड पुडी मांडीवर धरून ती व्यासपीठाकडे पाहत राहिली.

परभणीच्या शाळेत हैदराबादच्या डॉ. दिनकररावांचा सत्कार होता. लाखेची डाळ महिनोन्‌महिने खाऊन गोरगरिबांचे पाय का ताठतात, मज्जारज्जूत काय बिघडतं, हे त्यांच्या पुस्तकाने जगाला सांगितलं, असं प्रास्ताविकात म्हणून झालं.

ते सांगितलं होतं तिच्या वडिलांनी. डॉ. रेवणसिद्ध बारा वर्षं झरीच्या दवाखान्यात होते. ज्यांना मजुरीत लाखच मिळायची, त्यांच्या घरोघर फिरून त्यांनी रोग्यांची वही केली: कोण किती दिवस काय खातो, कुठला स्नायू कधी ताठला, चालताना टाच टेकते का. अभिप्रायासाठी ती दिनकररावांकडे पाठवली. वही परत आली नाही. दोन वर्षांनी पुस्तक आलं, त्यावर बाबांचं नाव कुठंच नव्हतं. "लोकांच्या कामाला आलं ना? बस झालं," एवढंच ते बोलले आणि पुढच्या थंडीत गेले.

त्यांना माती दिल्यावर आठव्या दिवशी महादेवीने पुस्तक उघडलं. रोगी एकतिसावा: दिलावर, झरीचा नऊ वर्षांचा मुलगा, पाय ओढतो, धावला की घशातून शिट्टीसारखा आवाज येतो.

दिलावर म्हणजे बाबांचं तट्टू. चंदीत लाख मिसळली जायची म्हणून तेही आजारी पडलं आणि बाबांनी माणसांसारखीच त्याचीही नोंद केली. झरीत दिलावर कोण, हे कुणाला सांगावं लागत नसे.

तिने कुणालाच पत्र लिहिलं नाही. सात वर्षं ती दिनकररावांचं नाव येईल ते प्रत्येक नियतकालिक मागवून लाल शाईने खुणा करत राहिली. दिलावर कलकत्त्याला पोचला, लंडनला पोचला. या रोगात मुलांचा घसा जातो, असा सिद्धांत त्याच्यावर उभा राहिला. दिनकररावांनी तर त्यावर दुसरं पुस्तकच लिहिलं. अजून थोडं वर चढू दे त्यांना, असं ती स्वतःशी म्हणायची.

भाषण संपलं तशी ती उठली.

"एकतिसावा रोगी आपण स्वतः तपासलात?"

"याच हातांनी, बाई. त्याची आई समोर रडत होती. अजून डोळ्यांपुढे येते."

"आई?" लिंबाजी मोठ्याने म्हणाला. "आवं, माळेगावच्या जत्रंतून ह्येला एकल्यालाच आणला व्हता आमी. आई तितंच ऱ्हायली, दावणीला!"

मागची पोरं हसली. दिनकररावांनी कपाळाला आठ्या घातल्या. "हे कोण?"

"आपल्या पुस्तकातला सातवा रोगी. एकतिसाव्याला खरारा करायचे," महादेवी म्हणाली आणि पुडी सोडून तिने टेबलावर नाल ठेवला. "हा दिलावरच्या मागच्या डाव्या पायाचा. पुढची कड बघा, पाय ओढून ओढून घासली आहे. बाबांनी पुरावा म्हणून जपला होता."

आता सगळी शाळा हसत होती. अध्यक्षस्थानी बसलेल्या, जिल्ह्याच्या तालुकदारसाहेबांनी तोंडाला रुमाल लावला. कुणीतरी मागून खिंकाळलं, तेव्हा दिनकररावांचा तोल गेला.

"यात माझी काय चूक? घोडा म्हणून वहीत एक अक्षर नव्हतं! नाव, वय, गाव, एवढंच लिहून ठेवलं होतं त्या माणसानं!"

"कुठल्या माणसानं, डॉक्टरसाहेब?"

हसणं एकदम थांबलं. दिनकररावांनी पाण्याचा पेला उचलला, तसाच खाली ठेवला. तालुकदारसाहेबांनीही रुमाल काढला होता. ते म्हणाले, "जवाब द्या, डॉक्टर."

"रेवणसिद्धांनी."

"मागे ऐकू गेलं नाही," महादेवी म्हणाली.

"वही डॉ. रेवणसिद्धांची होती."

तिने नाल परत पुडीत बांधला, लिंबाजीच्या हातात काठ्या दिल्या आणि त्याच्या चालीने चालत फाटकाबाहेर आली.

"झालं का आता, ताई?"

"नाही, लिंबाजीकाका."

घरी टेबलावर सतरा पत्रं लिहून तयार होती, लाल खुणांच्या प्रत्येक नियतकालिकाला एक. त्यांत फक्त आजची तारीख घालायची राहिली होती.