अंड्यांशिवाय निवळलेली

मी ओकचं पिंप बोलतोय. फ्रान्सचं. कुणी विचारायच्या आधीच मी हे सांगून टाकतो.

माझ्या फळ्या तीन वर्षं उन्हापावसात वाळल्या, मग विस्तवावर शेकून वाकवल्या गेल्या. कडी ठोकून मला बोर्दोजवळच्या एका शातोच्या तळघरात नेलं. वर दगडी घर, भोवती द्राक्षमळा, आणि जमीन म्हणाल तर नुसते गोटे. दिवसा तापलेले हे गोटे रात्री वेलींना ऊब देतात. सहा पिढ्या त्या घरानं तिथे काळी द्राक्षं पिकवली. हातानं खुडायची, सालींसकट आंबवायची आणि ती लाल वाईन दीड वर्ष माझ्यासारख्यांच्या पोटात मुरवायची. शेवटी अंड्यांचा पांढरा भाग फेटून आत ओतायचा. तो सगळा गाळ घेऊन तळाशी बसे आणि वर वाईन माणकासारखी चमके.

तीन हंगाम झाले आणि त्यांना नवं पिंप हवंसं वाटलं. २००४ साली मला जहाजानं न्यूझीलंडला पाठवलं, हेस्टिंग्जजवळ हेलनबाईंच्या मळ्यावर. मी रुसलोच होतो. पण ट्रकमधून उतरवलं तेव्हा पाहतो तर काय, इथेही गोटे! नदीनं पात्र बदलताना मागे टाकलेले. म्हटलं, चला, जमेल.

तिथे सिद्धी होती. न्यूझीलंडमधल्याच पापाकुऱ्याची मराठी मुलगी, इंजिनिअरिंग अर्धवट सोडून वाईन शिकायला आलेली. पुढच्या वर्षी माझ्यात नवी वाईन भरली ती तिनंच. एके दिवशी मला टेकून ती फोनवर वडिलांशी, विश्वनाथरावांशी, भांडत होती. स्पीकर चालू होता.

"अंडं घातलंस तर मी तोंडही लावणार नाही."

"ऑफिसच्या पार्टीत पिता तेव्हा विचारता का, बाबा?"

"तेव्हा मला माहीत नव्हतं. आता तूच सांगितलंस ना!"

तिनं फोन आपटला. पण अंड्यांचा ट्रे उचलून हेलनबाईंना परत दिला.

"फ्रान्समध्ये दोनशे वर्षं असंच करतात, सिद्धी."

"दोनशे वर्षं केलं म्हणून बरोबरच का? वाट पाहायचा कंटाळा आला असेल त्यांना."

माझी कडी करकरली. हेलनबाई मात्र हसल्या. "स्वीट ॲज." म्हणजे तिकडच्या बोलीत झकास, चालेल. "हे पिंप तुझं. पण मार्चमध्ये नवी द्राक्षं येतील. तोवर निवळली नाही, तर बाकीच्या वाईनबरोबर मोठ्या टाकीत जाईल. बाटलीवर तुझं नाव नाही."

आणि वाट पाहायला बसली कोण, तर ही! जिला मायक्रोवेव्हसमोर उभं राहवत नाही. हिवाळाभर गाळ बसू द्यायची. मग वरची वाईन हळूच काढायची, मला धुवायची, पुन्हा भरायची. काढताना पेला मेणबत्तीसमोर धरायची आणि गढूळपणाची पहिली रेघ दिसली की नळी बंद. दर वेळी थोडी वाईन वाया जाई. ती फ्रेंचांना, बाबांना आणि मलाही शिव्या घाली, पण घाई मात्र कधी केली नाही.

मार्चमध्ये विश्वनाथराव आले. सिद्धीनं माझ्यातून पेला भरून दिला. त्यांनी तो उन्हात धरला, फिरवला, पुन्हा धरला. चष्मा पुसून परत पाहिला.

"गाळलीस कशानं?"

"कशानंच नाही. थांबले."

"तू? थांबलीस?"

त्यांनी एक घोट घेतला. मग आणखी एक. कपाळाला आठी घातली. सिद्धीचा चेहरा पडायला लागला, तेवढ्यात हेलनबाई आत आल्या. विश्वनाथरावांनी पेला उंचावून त्यांना सुनावलं, "बघा, आमच्या घरात अंडं चालत नाही!"

"बाबा, मेहनत माझी आहे!"

"मग मी काय म्हणतोय? आमच्या घरातली नाहीस का तू?" म्हणत त्यांनी रिकामा पेला पुढे केला.

बाटल्यांवर तिचं नाव लागलं. चार हंगामांत मी म्हातारा झालोय. मला अर्धं कापून, कुंडी करून त्यात लॅव्हेंडरची रोपं लावायचं चाललंय. लावा. फक्त आतला लाल डाग खरवडू नका. शातोचे तीन हंगाम खाली आहेत, पण सगळ्यांत वर आहे तो सिद्धीचा.